वानखेडे ते ओव्हल: २०२५चा उन्हाळा आणि आपल्या टीम

आठ_दोनची_लोकल · ८ एप्रिल २०२५

काल वानखेडेवरून डोंबिवलीला घरी पोचेपर्यंत पावणेदोन वाजले. आयपीएलमध्ये बंगळुरूच्या २२१ समोर आपल्या मुंबई इंडियन्सच्या २०९. बारा धावा कमी पडल्या. तिलक आणि हार्दिक हाणत होते तेव्हा आमच्या स्टँडमधलं कुणी खाली बसायला तयार नव्हतं. शेवटच्या ओव्हरला १९ हवे होते, कृणालनं त्याच ओव्हरमध्ये तीन विकेट काढल्या, आणि मग तीच माणसं एक अक्षर न बोलता जिना उतरत होती. माझ्या पुढे एक सात-आठ वर्षांचा पोरगा होता, गालावर निळा रंग. रडला नाही, फक्त वडिलांना विचारत राहिला, "पण बुमराह आलाय ना आता?"

मलाही तेवढाच आधार आहे. पाच मॅचमध्ये चार पराभव, पण दुखापतीतून सावरून बुमराह आलाय.

यंदा ऑगस्टपर्यंत उसंत नाही. आयपीएल, लगेच इंग्लंडमध्ये पाच कसोट्या, त्याच वेळी मुलींची टीमही तिकडेच. म्हणून हा एकच धागा काढतोय. जे वाटेल ते लिहा, पण मनापासून लिहा. आणि खेळाडूंच्या घरच्यांना मध्ये आणू नका, एवढी एकच विनंती.

शिवाजीपार्क · ८ एप्रिल

२०१५ आठवा. पहिल्या चारही मॅच हरलो होतो आणि शेवटी ट्रॉफी आपल्याकडे होती. वय सत्तर झालं तरी मी धीर सोडत नाही, तुम्ही तरुण मंडळी का सोडता?

वऱ्हाडी · ८ एप्रिल

मुंबईकरांनो, दुःखात सहभागी आहे. पण आम्हा नागपूरवाल्यांचा उन्हाळा २ मार्चलाच गोड झाला. केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भ रणजी विजेता. सेमीफायनलला तुम्हालाच ८० धावांनी हरवून गेलो होतो. हर्ष दुबेच्या ६९ विकेट, यश राठोडच्या ९६०, करुण नायरच्या ८६३ धावा. करुण मूळचा आमचा नाही, पण विदर्भाची टोपी घालून तो जसा खेळला त्यानंतर तो आमचाच आहे. त्याला इंग्लंडला नेलं पाहिजे. लिहून ठेवा.

आठ_दोनची_लोकल · १४ एप्रिल

काल दिल्लीत एकोणिसाव्या ओव्हरमध्ये लागोपाठ तीन रनआउट! मी उभ्या आयुष्यात असं पाहिलं नव्हतं. बाबांना (वय ७१) मोतीबिंदूमुळे हल्ली स्क्रीनवर चेंडू दिसत नाही. त्यांना तीनदा सांगावं लागलं की हे रिप्ले नव्हेत, तीन वेगवेगळे गडी बाद झालेत. वानखेडेवरच्या त्या पोराची आठवण झाली.

आठ_दोनची_लोकल · ७ मे

रोहित कसोटीतून निवृत्त. सहा मॅच सलग जिंकल्याचा सगळा आनंद बाजूला राहिला आज.

बोरिवलीचा पोरगा. पांढरा कपडा त्याला नेहमी उशिरा मिळाला, आणि मिळाला तेव्हा सलामीला येऊन त्यानं तो शोभवला. इंग्लंडमध्ये २०२१ला ओव्हलवर केलेलं शतक मी अजून बघतो. वानखेडेवर त्याच्या नावाचा स्टँड होतोय. तिथे एकदा बसायचंय.

मिरजसांगली · १३ मे

आणि काल विराटही. एका आठवड्यात दोघं. सीमेवरच्या परिस्थितीमुळे आयपीएल थांबली आहे ते योग्यच आहे, तेव्हा खेळाबद्दल बोलायलाही मन होत नव्हतं. पण आज सकाळी लेकीला शाळेच्या बसमध्ये बसवून आले आणि घरात येऊन रडले, हे इथेच सांगू शकते.

आठ_दोनची_लोकल · २ जून, रात्री १:५०

झोप येणं शक्य नाही म्हणून लिहितोय.

पंजाबविरुद्ध, फायनलच्या दारात, २०३ धावा करून हरलो. आधी बॅटिंग करून दोनशेच्या वर केल्यावर मुंबई याआधी आयपीएलमध्ये कधीच हरली नव्हती. परवा एलिमिनेटरला बुमराहनं गुजरातच्या वॉशिंग्टन सुंदरच्या पायाशी टाकलेला यॉर्कर पाहिल्यावर वाटलं होतं की आता आपल्याला कुणी अडवत नाही. आज पंजाबच्या श्रेयसला त्यानं तसाच टाकला, आणि श्रेयसनं तो बॅटची पात उघडून थर्डमॅनला चौकार धाडला. तिथेच मला कळलं. पुढे अश्वनीकुमारच्या एका ओव्हरमध्ये चार षटकार. ४१ चेंडूंत नाबाद ८७. मॅच संपल्यावर त्याच्या चेहऱ्यावर हसूसुद्धा नव्हतं.

आता मनातलं लिहितो. हरलो म्हणून घशात आवंढा आहे, पण ज्यानं हरवलं तो वरळीचा, शिवाजी पार्कवर घडलेला, गेल्याच डिसेंबरात मुंबईला मुश्ताक अली ट्रॉफी जिंकून देणारा कर्णधार आहे. मागच्या वर्षी वानखेडेवर विदर्भाविरुद्धच्या रणजी फायनलला त्याच्या ९५ धावा मी तिथे बसून पाहिल्यात. मग आज मुंबई हरली की जिंकली? मी निळी जर्सी घालून बसलो होतो आणि शेवटच्या षटकाराला, शपथेवर सांगतो, टाळी वाजवली.

कोथरूड_डेपो · २ जून

मला हे पटत नाही. टीम म्हणजे टीम. समोर कुणीही असो, आपली हरत असताना टाळी वाजवली जात नाही. श्रेयस ग्रेट आहे, पण काल तो पंजाबचा होता.

शिवाजीपार्क · २ जून

कोथरूडकर, तुमची निष्ठा समजते. पण आमच्या लहानपणी कांगा लीगला एकाच बिल्डिंगमधली दोन मुलं दोन क्लबांकडून खेळायची. भर पावसात, गुडघाभर गवतात. एक जिंकला, दुसरा हरला, आणि संध्याकाळी दोघं एकाच छत्रीतून घरी. लोकलवाल्यांनी टाळी वाजवली ती त्या परंपरेतली आहे.

आठ_दोनची_लोकल · ५ जून

बंगळुरूला अठरा वर्षांनी ट्रॉफी मिळाली म्हणून परवा मनापासून बरं वाटलं होतं. काल त्याच ट्रॉफीच्या स्वागताला गेलेले अकरा जण चेंगराचेंगरीत गेले. गेल्या वर्षी ४ जुलैला मी मरिन ड्राइव्हवर होतो, वर्ल्डकपच्या मिरवणुकीत. एका क्षणी माझे पाय जमिनीला टेकत नव्हते, नुसता गर्दीबरोबर सरकत होतो. घरी आल्यावर कुणाला सांगितलं नव्हतं. आज आईला सांगितलं. ती माणसंही माझ्यासारखीच टीमला बघायला गेली होती.

दोन-तीन दिवस इथे काही लिहिणार नाही.

लीड्सवासी · २५ जून

वाचक होते, आज पहिल्यांदा लिहितेय. इंग्लंडविरुद्धच्या पहिल्या कसोटीला हेडिंग्लेवर पाचही दिवस वेस्टर्न टेरेसमध्ये होते. यशस्वी, गिल, राहुल, आणि पंतची दोन्ही डावांत. एका कसोटीत आपली पाच शतकं, आणि तरी पराभव! कसोटीच्या इतिहासात असं कुणाचंच झालेलं नाही. पहिल्या डावात शेवटचे सात गडी ४१ धावांत, दुसऱ्यात सहा ३१ धावांत. ३७१चं लक्ष्य इंग्लंडनं पाच विकेट राखून पार केलं. काल संध्याकाळी सगळं मैदान गात होतं आणि मी तिरंगा घडी करून पिशवीत ठेवत होते. बाजूचे इंग्लिश आजोबा म्हणाले, पाच दिवस छान क्रिकेट बघितलं आपण. त्यांना माझ्या डब्यातली शेवटची पुरणपोळी दिली.

कोथरूड_डेपो · २५ जून

यशस्वीनं किती कॅच सोडावेत! एक झाला, दोन झाले…

शिवाजीपार्क · २५ जून

त्या मुलाला काही बोलू नका. आझाद मैदानात माळ्यांच्या तंबूत झोपून क्रिकेट खेळलेला मुलगा आहे तो. पहिल्या डावात १०१ त्यानंच केल्या. थंडीत हात बधिर होतात, स्लिपला तर चेंडू दिसेपर्यंत लागलेला असतो. मालिका संपेपर्यंत तो परत करील.

मिरजसांगली · २९ जून

पुरुषांचं सगळं लिहून झालं असेल तर आमच्या सांगलीच्या स्मृतीचंही वाचा. काल ट्रेंट ब्रिजवर ६२ चेंडूंत ११२! कसोटी, वनडे, टी-ट्वेंटी, तिन्हीत शतक करणारी पहिली भारतीय महिला. तिचा कव्हर ड्राइव्ह बघताना लेकीनं हातातला पोळीचा घास तसाच धरून ठेवला होता. ओव्हर संपल्यावर खाल्ला.

आठ_दोनची_लोकल · ७ जुलै

एजबॅस्टन! ३३६ धावांनी! तिथे भारत आजवर एकही कसोटी जिंकला नव्हता. गिलचे २६९ आणि १६१, पहिल्या डावात सिराजच्या सहा, आकाशदीपच्या सामन्यात दहा. तेही बुमराहशिवाय. आकाशदीपनं हा सामना आजारी बहिणीला अर्पण केला तेव्हा ऑफिसमधले आम्ही चौघं एकमेकांकडे बघत नव्हतो.

लॉर्ड्सवर बुमराह येतोय. १४ला बाबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, तोच पाचवा दिवस. रजा टाकलीच आहे.

आठ_दोनची_लोकल · १५ जुलै

लांब पोस्ट आहे. वाचा.

ऑपरेशन सकाळी अकराला झालं, दुपारी दोनला घरी आलो. उजव्या डोळ्याला पट्टी, ती दुसऱ्या दिवशी डॉक्टरच काढणार. डाव्यात पिकलेला मोतीबिंदू, म्हणजे बाबांना त्या दिवशी उजेड-अंधारापलीकडे काही दिसत नव्हतं. साडेतीनला मॅच सुरू झाली तेव्हा म्हणाले, "टीव्हीचा आवाज बंद कर. तू सांग." ते रेडिओवर मोठे झालेले. बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री कानाला ट्रान्झिस्टर लावून ऐकलेली पिढी. मला ती भाषा येत नाही, पण बसलो पलंगाशेजारी.

१९३ हव्या होत्या. लंचला ११२ वर आठ. मला वाटलं, संपलं. बाबा म्हणाले, "जडेजा आहे ना?"

पुढचे काही तास मी आयुष्यभर विसरणार नाही. मी सुरुवातीला सांगत होतो, "रन नाही", "रन नाही". बाबांनी थांबवलं. "रन झाली की आपोआप कळेल तुझ्या आवाजावरून. चेंडू बॅटीला कुठे लागला ते सांग. मधोमध की कडेला?" मग मी तेच सांगू लागलो. मधोमध. मधोमध. सोडला. पॅडवर, पण बाहेर. मधोमध. बुमराहनं ५४ चेंडू खेळले हो! पाच धावा, पण ५४ चेंडू. तो मोठा फटका मारायला जाऊन बाद झाला तेव्हा १४७ झाल्या होत्या. मग सिराज. आई आत वरण फोडणीला टाकायचं सोडून दारात उभी. सिराजनं तीस चेंडू खेळले. प्रत्येक चेंडूला बाबांची बोटं चादर धरायची आणि "मधोमध" म्हटलं की सोडायची.

बशीरचं बोट मोडलेलं, तरी तो टाकायला आला होता. चेंडू पडला, सिराजनं सरळ बॅटीनं खाली दाबला. मी म्हणालो, "मधोमध."

बाबांनी चादर सोडली.

आणि चेंडू फिरून मागे गेला, स्टंपला लागला, एक बेल पडली. हळू, इतक्या हळू की धावत जाऊन अडवता आला असता. २२ धावांनी हरलो. माझ्या तोंडून शब्द निघेना. बाबा दोन-तीन वेळा म्हणाले, "पुढे? पुढे काय?" त्यांना मी खोटं सांगितलं असं मला वाटत राहिलं. शेवटी आईनंच सांगितलं, "अहो, गेला तो."

जडेजा १८१ चेंडू खेळून ६१ नाबाद. सिराज पिचवर ओणवा बसला होता, रूट आणि क्रॉली त्याला उठवायला आले. बाबांना तेही सांगितलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मधोमधच लागला होता ना? मग त्याचा काही दोष नाही."

ज्यांना सिराजवर टीका करायची आहे त्यांनी दुसऱ्या धाग्यावर जा.

लीड्सवासी · १५ जुलै

ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन डोळे पुसून आले. बाबा कसे आहेत? पट्टी निघाली का?

आठ_दोनची_लोकल · १५ जुलै

निघाली. सगळ्यात आधी भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचली. ड्रॉप्स दिवसातून सहा वेळा.

कोथरूड_डेपो · १५ जुलै

जूनमध्ये मी तुमच्या टाळीवरून वाद घातला होता. आज फक्त एवढंच, बाबांना नमस्कार सांगा.

वऱ्हाडी · २८ जुलै

दिव्या!!! आमच्या नागपूरची दिव्या देशमुख!!! एकोणीस वर्षांची पोर, जॉर्जियातल्या बातुमीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून बुद्धिबळातली महिला वर्ल्डकप विजेती! आणि त्या एका विजयानं थेट ग्रँडमास्टर, भारताची ८८वी. गेली तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एक नॉर्मसुद्धा नव्हता. जिंकल्यावर आईच्या गळ्यात पडून रडली तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला मोजलं नाही. समोर हम्पी होती हेही लक्षात घ्या, दोन्हीकडे आपल्याच मुली.

काल मँचेस्टर, आज बातुमी. जीव थकला, पण किती सुखानं!

शिवाजीपार्क · २८ जुलै

अभिनंदन, वऱ्हाडी. मँचेस्टरची वाचवलेली कसोटीही नोंदवून ठेवतो. ३११ धावांनी मागे, पहिल्याच ओव्हरमध्ये शून्यावर दोन गडी. तिथून गिल आणि राहुल, मग जडेजा आणि वॉशिंग्टन, अख्खा दिवस उभे राहिले. इंग्लंडचा कर्णधार स्टोक्स मॅच तिथेच थांबवू म्हणून हात मिळवायला आला तेव्हा दोघं शतकाच्या जवळ होते. थांबले नाहीत ते बरोबरच केलं. तासन्‌तास घाम गाळून मिळवलेलं होतं ते. आणि पंत, मोडलेल्या पायानं जिना उतरताना एकेका पायरीवर थांबत होता. अशा माणसांचा खेळ बघायला मिळाला हे आमचं भाग्य.

वऱ्हाडी · ३१ जुलै

ओव्हल, पहिला दिवस. ढगाळ हवा, हिरवी खेळपट्टी, सगळे कोसळले, आणि करुण नायर नाबाद ५२. एप्रिलमध्ये लिहून ठेवा म्हटलं होतं.

शिवाजीपार्क · २ ऑगस्ट

यशस्वी ११८. मीही जूनमध्ये म्हटलं होतं.

कोथरूड_डेपो · ३ ऑगस्ट, रात्री

ब्रूक १९ वर असताना सिराजनं कॅच घेतला आणि पाय दोरीवर पडला. ब्रूक १११ करून गेला. रूट १०५. ३७४ पैकी आता ३५ हव्यात, चार विकेट बाकी, पाऊस आला म्हणून खेळ थांबला. सिराजबद्दल मी काही बोलत नाहीये. पण आज रात्री त्याला झोप लागणार नाही, एवढं नक्की.

आठ_दोनची_लोकल · ४ ऑगस्ट

सहा धावांनी!

थांबा, नीट सांगतो. दुपारनंतरची अर्धी रजा घेऊन तीन पंचवीसला घरात शिरलो. बाबा टीव्हीसमोर खुर्ची ओढून आधीच बसलेले. नवा डोळा, काळा चष्मा कपाळावर. मी शेजारी बसलो तर म्हणाले, "आज तू गप्प बस. मला दिसतंय."

पहिल्या दोन चेंडूंवर ओव्हरटननं दोन चौकार मारले. २७ उरल्या. मग सिराज. स्मिथ मागे झेल. ओव्हरटन पायचीत. प्रसिधनं टंगचा त्रिफळा उडवला. आणि मग पॅव्हेलियनच्या दारातून वोक्स येताना दिसला. बाबांनीच आधी पाहिलं, "अरे, त्याचा डावा हात स्वेटरच्या आत आहे." खांदा निखळलेला माणूस एका हातात बॅट घेऊन देशासाठी मैदानात उतरत होता. ओव्हलवर सगळे उभे राहिले तसे बाबाही खुर्चीचे हात धरून उभे राहिले. प्रत्येक धावेला वोक्सचा चेहरा वेदनेनं पिळवटत होता. मला त्या वीस मिनिटांत तो हरावा असं वाटलं नाही, आपण जिंकावं एवढंच वाटलं.

अॅटकिन्सनचा एक फटका आकाशदीपच्या हाताला लागून दोरीबाहेर गेला, सहा. शेवटी सात हव्या होत्या. सिराज धावत आला. पाचही कसोट्या खेळलेला आपला एकटा वेगवान गोलंदाज, मालिकेतला १,११३वा चेंडू. यॉर्कर. ऑफ स्टंप आडवा.

बाबा ओरडले नाहीत. आतून आईनं विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "सिराजनं काढला. ऑफ स्टंप." आणि मग चष्मा डोळ्यांवर ओढून घेतला.

भारताचा धावांच्या हिशेबात आजवरचा सगळ्यात निसटता कसोटी विजय. याआधीचा १३ धावांचा, २००४ साली वानखेडेवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध, तिसऱ्याच दिवशी संपलेला. त्या दिवशी मी आणि बाबा नॉर्थ स्टँडमध्ये होतो. मी दहावीत होतो. मुरली कार्तिक टाकत होता आणि बाबांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठले होते.

वडील गेले तेव्हा सिराज ऑस्ट्रेलियात होता, घरी न येता तिथेच खेळला, हे त्याच्याबद्दल सगळ्यांना ठाऊक आहे. हैदराबादेत रिक्षा चालवून त्यांनी त्याला खेळवलं. आज त्यांनी बघायला हवं होतं.

मिरजसांगली · ४ ऑगस्ट

लेक शाळेतून आल्या आल्या विचारते, सिराजनं केलं का? केलं गं बाळा, म्हटलं. मालिका २-२. २३ विकेट त्याच्या.

लीड्सवासी · ४ ऑगस्ट

हेडिंग्लेतला तिरंगा आज ऑफिसच्या खुर्चीवर टाकला होता. कुणी काही म्हणालं नाही. एका इंग्लिश सहकाऱ्यानं कॉफी आणून दिली. लोकलवाले, बाबांचा दुसरा डोळा कधी?

आठ_दोनची_लोकल · ५ ऑगस्ट

१८ तारखेला. पुन्हा एक दिवस पट्टी. त्या दिवशी कुठलीच मॅच नाही, म्हणून बाबांनी आत्ताच सांगून ठेवलंय की ओव्हलचा शेवटचा तास मी पलंगाशेजारी बसून पहिल्या चेंडूपासून सांगायचा. एकही चेंडू गाळायचा नाही, आणि कुठे लागला ते प्रत्येक वेळी सांगायचं.